सावली बघा, मग फोटो काढा

या कार्यक्रमात आपण पापडाचं पीठ, शेळ्यांचं लसीकरण, बँकेचं सीसी कर्ज, असे बरेच विषय घेतले. आजचा विषय जरा वेगळा आहे. जुन्या, हातानं फिरवायच्या लेन्सनं नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर फोटो काढायचा, तर उजेडाचा अंदाज कसा बांधायचा, हे आज सांगणार आहोत. 'हे आमच्या काय कामाचं?' असं कुणाला वाटेल. म्हणून आधी आम्ही यात कशा पडलो ते सांगतो.

आमच्या गटानं एक वापरलेला कॅमेरा घेतला, नायकॉन डी ३२००. मसाले, कुरडया, गोधड्या यांचे चांगले फोटो हवे होते. पुण्याची भीमथडी जत्रा असो की मुंबईचं महालक्ष्मी सरस, आता मालाआधी मालाचा फोटो पुढे जातो. कॅमेऱ्याबरोबरची लेन्स मात्र आधीच्या मालकाकडं पडून बिघडलेली होती. नवी लेन्स घ्यायला गटाकडं पैसे नव्हते. तेव्हा शिरूरमधल्या एका जुन्या फोटो स्टुडिओच्या काकांनी कपाटातून एक लेन्स काढून दिली. पन्नास मिलिमीटरची, एफ १.८, नायकॉनचीच, पण रोलच्या जमान्यातली. त्यांनी त्या लेन्सवर कितीतरी लग्नं काढली होती. 'बसंल तुमच्या कॅमेऱ्यावर, पण आपोआप काही होणार नाही. सगळं हातानं करावं लागंल,' असं काका म्हणाले. आम्ही मान डोलावली आणि घेऊन आलो. नीट विचारून घेतलं नाही, ही आमची चूक.

सराव म्हणून आम्ही पहिला फोटो काढला तो गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंचा. वय ऐंशीच्या पुढं. दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसवलं. आजींनी पांढरं लुगडं नेसलं होतं, पदर डोक्यावरून घेतला होता. फोटो काढला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला, छान वाटला. कार्ड तसंच राहिलं.

त्यानंतर चार महिन्यांनी आजी गेल्या. दशक्रियेच्या बॅनरसाठी फोटो हवा होता. घरात शोधाशोध झाली. आधार कार्डावरचा होता, तो ओळखू येईना. मग आमच्या कॅमेऱ्यातला आठवला. संगणकावर उघडला तर आजींचा उन्हाकडचा अर्धा चेहरा नुसता पांढरा. कपाळ, गाल, डोक्यावरचा पदर, सगळं एकमेकांत मिसळलेलं. बॅनरवाल्या मुलानं खूप प्रयत्न केला. पांढरं होतं ते करडं झालं, भिंतीला गिलावा केल्यासारखं, पण एक सुरकुती परत आली नाही. शेवटी एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून बोटाच्या पेराएवढा चेहरा कापून मोठा केला. सगळा धूसर. सूनबाई म्हणाल्या, 'चाळीस वर्षं ह्या घरात राबल्या, आणि त्यांचा एक धड फोटो नाही.'

हे वाक्य आम्हाला लागलं. पुढच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहिला, की गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईचा एक चांगला फोटो ती चालती-बोलती असताना काढायचा, छापायचा आणि तिच्या हातात द्यायचा. आणि तो काढण्याआधी आपण उजेड शिकायचा. मग आम्ही पुन्हा काकांकडं गेलो, या वेळी वही-पेन घेऊन.

कॅमेरा 'लेन्स नाही' का म्हणतो?

नव्या लेन्सला मागच्या बाजूला छोटे सोनेरी ठिपके असतात. ते विजेचे संपर्क. त्यांतून लेन्स कॅमेऱ्याला सांगते, मी कोण, माझं भोक केवढं उघडलंय. जुन्या लेन्सला हे ठिपके नसतात. ती मुकी असते. म्हणून आमच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स लावून चक्री 'ऑटो'वर ठेवली, तर कॅमेरा म्हणतो लेन्स जोडलेली नाही, आणि बटण दाबलं तरी फोटो निघत नाही. तो बिघाड नव्हे. चक्री 'एम' या अक्षरावर आणायची, म्हणजे मॅन्युअल. मग फोटो निघतो. पण उजेड मोजणारा मीटर या कॅमेऱ्यात त्या लेन्सबरोबर चालत नाही. उजेड किती घ्यायचा ते आपणच ठरवायचं.

फोकससुद्धा हातानंच. लेन्सची पुढची रिंग फिरवायची. आमच्या कॅमेऱ्यात एक सोय आहे. डोळा लावून बघतो तिथं खाली हिरवा ठिपका असतो. निवडलेल्या जागेवर फोकस बरोबर झाला की तो स्थिर पेटतो. माणसाचा फोटो असेल तर ही जागा म्हणजे आपल्या जवळचा डोळा. नजर पडते ती डोळ्यावर, म्हणून डोळा स्पष्ट हवाच.

तोटी, वेळ आणि भोंगा

आता उजेडाचं गणित. उन्हाळ्यात आपल्याकडं नळाला पाणी येतं तेव्हा हंडा भरताना आपण दोन गोष्टी बघतो, तोटी किती उघडली आणि किती वेळ चालू ठेवली. कॅमेऱ्यातही तसंच आहे. तोटी म्हणजे लेन्समधलं भोक, त्याला अपर्चर म्हणतात. वेळ म्हणजे शटर स्पीड. हंडा कमी भरला तर फोटो काळा. हंडा भरून वाहू लागला तर वरचं पाणी मातीत गेलं. ते परत हंड्यात येत नाही. आमच्या आजींच्या गालाचं तेच झालं. म्हणून काकांचा पहिला नियम वहीत मोठ्या अक्षरात लिहिला: थोडं कमी चालेल, पण वाहू देऊ नका. अंधारलेला भाग नंतर संगणकावर थोडा उजळता येतो. पूर्ण पांढरा झालेला भाग मात्र गेला तो गेला.

तिसरी गोष्ट आयएसओ. समजा, भजनी मंडळाचा माईक लावलाय. बुवांचा आवाज बारीक आहे म्हणून आपण मशीनचं बटण वाढवतो. आवाज मोठा होतो, पण भोंग्याची घरघरही मोठी होते. आयएसओचं तसंच आहे. उजेड कमी असेल तर आयएसओ वाढवला की फोटो उजळतो, पण त्यात बारीक दाणे येतात. म्हणून उन्हात १००, ओसरीत ४००, घरात ८०० किंवा १६००. गरजेपेक्षा जास्त नको.

अपर्चरचे आकडे सगळ्यांनाच सुरुवातीला चकवतात. जुन्या लेन्सच्या रिंगवर १.८, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे आकडे कोरलेले असतात. आपल्याला वाटतं मोठा आकडा म्हणजे मोठं भोक. ते उलट आहे. भाकरीचे दोन वाटे केले तर वाटा मोठा, सोळा केले तर लहान. इथंही आकडा म्हणजे भागाकार आहे. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला एफ २ वर भोक पंचवीस मिलिमीटर रुंद असतं. एफ १६ वर पन्नास भागिले सोळा, म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर.

आमच्या लेन्सवर रिंग फिरवली की 'कट' असा आवाज होतो. २.८ पासून पुढं प्रत्येक कटला उजेड निम्मा होतो. ४ वर जेवढा उजेड येतो त्याच्या निम्मा ५.६ वर, त्याच्या निम्मा ८ वर. शटरचंही तसंच. सेकंदाचा १/१०० भाग, मग १/२००, १/४००, १/८००, प्रत्येक वेळी निम्मा. म्हणजे भोक एक पायरी मोठं केलं आणि वेळ एक पायरी कमी केला तर हंडा तेवढाच भरतो. एफ ११ आणि १/२००, एफ ८ आणि १/४००, एफ ५.६ आणि १/८००, तिन्हींत उजेड सारखाच. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की अर्धं काम झालं.

सावलीचा नियम

'मीटर नाही तर सुरुवात कुठून करायची?' असं आम्ही काकांना विचारलं. ते आम्हाला दुकानाबाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, 'वर बघू नका पोरींनो, खाली बघा. आपली सावली बघा.'

रोलच्या खोक्यावर किंवा आतल्या कागदावर पूर्वी सूर्य आणि ढगांची छोटी चित्रं छापलेली असत. त्यांचा पाया असा: कडक ऊन असेल तर अपर्चर एफ १६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याएवढं. आयएसओ १०० असेल तर १/१००, आयएसओ २०० असेल तर १/२००. फोटोवाले याला 'सनी सिक्स्टीन' म्हणतात. आता यात सावलीची भर घाला.

सावली काळी आणि कडा धारदार असेल तर एफ १६. पातळ ढग असून सावलीच्या कडा मऊ झाल्या असतील तर एफ ११. ढगाळ असून सावली जेमतेम दिसत असेल तर एफ ८. दाट ढग असून सावलीच पडत नसेल तर एफ ५.६. आणि वर आभाळ मोकळं, पण माणूस घराच्या किंवा झाडाच्या सावलीत बसलेलं असेल तर एफ ४. प्रत्येक वेळी शटर आयएसओएवढंच.

हा अंदाज भरदिवसाचा आहे. सूर्य कलला की उजेड झपाट्यानं उतरतो, तेव्हा एक-दोन पायऱ्या भोक आणखी उघडावं लागतं.

आता आमच्या चुकीचा हिशेब लावून बघू. त्या दिवशी आयएसओ २०० होता, शटर १/२००. म्हणजे कडक उन्हात एफ १६ हवं होतं. रिंग होती ५.६ वर. १६ वरून ११, ११ वरून ८, ८ वरून ५.६, तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीला दुप्पट, म्हणजे आठपट उजेड आत गेला. एका हंड्यात आठ हंड्यांचं पाणी. सावलीकडचा अर्धा चेहरा वाचला, उन्हाकडचा वाहून गेला. रिंग तीन वेळा 'कट' केली असती तर आजींचा फोटो घरात लागला असता.

मग आम्हाला तेव्हा पडद्यावर तो फोटो छान का वाटला? कारण आम्ही भर उन्हात उभ्या होतो. उन्हात कॅमेऱ्याचा पडदा काळपट दिसतो, त्यामुळं जळलेला फोटोही बरोबर वाटतो. आता आम्ही पदराची सावली करून, पदराखाली पडदा बघतो. आणि नुसत्या चित्रावर विश्वास ठेवत नाही, आलेख बघतो.

डोंगर बघायला शिका

फोटो उघडून वरचं-खालचं बटण दाबत गेलं की एक डोंगरासारखा आलेख दिसतो. त्याला हिस्टोग्राम म्हणतात. आधी प्लेबॅकच्या मेनूत जाऊन तो चालू करावा लागतो. डावीकडं काळोख, उजवीकडं उजेड. डोंगर मधे कुठंतरी असेल आणि उजवीकडं उतरत जमिनीला टेकत असेल तर ठीक. डोंगर उजव्या भिंतीला जाऊन चिकटला असेल, कापल्यासारखा, तर तेवढं पाणी वाहून गेलं असं समजा. रिंग एक कट पुढं करा, पुन्हा काढा. सगळा डोंगर डाव्या भिंतीला लागला असेल तर एक कट मागं.

तिथंच 'हायलाइट्स' नावाची दुसरी सोय आहे. ती चालू केली की जळलेला भाग लुकलुकतो. मागचं आभाळ लुकलुकलं तर फार बिघडत नाही. पण आजींचं कपाळ, पांढरे केस, लुगड्याचा पदर लुकलुकत असेल तर तो फोटो ठेवू नका. लगेच दुसरा काढा. रोलच्या काळात हे कळायला रोल धुवावा लागायचा. आपल्याला दोन सेकंदांत कळतं. चूक झाल्याची लाज नाही, आजी खुर्चीत बसलेल्या असेपर्यंत ती सुधारता येते.

आजींना कुठं बसवायचं

उजेड मोजायला शिकल्यावर कळलं, की फोटो बिघडवणारी पहिली गोष्ट जागा आहे. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आजी डोळे बारीक करतात. आता आम्ही दुपारी पूर्वेला तोंड असलेली ओसरी शोधतो. ऊन मागं गेलेलं असतं आणि समोरच्या मोकळ्या अंगणातून मऊ उजेड येतो. सकाळी पश्चिमेकडची पडवी. आजींना कडेला, उजेडाकडं तोंड करून बसवायचं.

ओसरीत आमची सुरुवात अशी असते: आयएसओ ४००, एफ ४, शटर १/२००. एक फोटो काढायचा, डोंगर बघायचा, मग इकडंतिकडं करायचं. घरात खिडकीजवळ असेल तर आयएसओ ८००, एफ २.८, शटर १/१२५. ही फक्त सुरुवात. पुढचं डोंगर सांगेल.

शटर १/१२५ च्या खाली आम्ही सहसा जात नाही. आमच्या कॅमेऱ्यातला सेन्सर रोलच्या चौकटीपेक्षा लहान आहे, त्यामुळं पन्नासची लेन्स पंच्याहत्तरसारखी जवळचं दाखवते. चेहऱ्याला ते चांगलं, पण हाताची थरथरही तेवढीच दिसते. शिवाय म्हाताऱ्या माणसाची मान थोडी हलतच असते. आणि १.८ वर फोटो काढायचा मोह टाळा. मागचं धूसर होऊन फोटो भारी वाटतो, पण एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट येतो. एफ ४ वर दोन्ही डोळे मिळतात.

हातानं उजेड ठरवण्याचा मोठा फायदा आम्हाला नंतर कळला. आपोआप चालणारा कॅमेरा सगळ्या चित्राची सरासरी मध्यम करडी धरतो. मागं चुन्याची पांढरी भिंत किंवा उघडं दार असेल तर त्याला वाटतं उजेड फार झाला. मग तो सगळंच काळं करतो आणि त्यात आपल्या सावळ्या बायांचा चेहरा बुडतो. दारात उभं राहून मोबाइलवर काढलेल्या फोटोत हे तुम्ही पाहिलं असेल. एम वर तसं होत नाही. ओसरीतला उजेड एकदा ठरवला की काळं लुगडं आलं काय आणि पांढरं आलं काय, चेहऱ्यावरचा उजेड तोच आहे, तर आकडेही तेच. एका दुपारी पाच आजी एकामागं एक बसल्या तरी रिंगला हात लावावा लागत नाही. फक्त आभाळावर लक्ष ठेवायचं. ढग आला की पुन्हा एक फोटो, पुन्हा डोंगर.

कॅमेरा नसेल तर मोबाइलवरही हे थोडं करता येतं. बऱ्याच मोबाइलमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड तिथं पक्का होतो, आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह वरखाली सरकवून तो कमी-जास्त करता येतो. मागच्या दारापेक्षा चेहरा बघा, एवढं लक्षात ठेवा.

दुसऱ्या कॅमेऱ्यांवर काय होतं

ऐकणाऱ्यांपैकी कुणाकडं वेगळा कॅमेरा असेल. नायकॉनच्याच डी ७००० सारख्या वरच्या मॉडेलमध्ये मेनूत लेन्सचे आकडे भरले की जुन्या लेन्सबरोबरही मीटर चालतो. मात्र १९७७ मध्ये नायकॉननं लेन्सची कडी बदलली. त्याआधीची, न बदललेली लेन्स अशा कॅमेऱ्यावर जोर लावून बसवू नका. कॅमेऱ्याच्या कडेची छोटी खिट्टी तुटू शकते. आधी जाणकाराला दाखवा.

कॅननच्या डिजिटल कॅमेऱ्यावर जुनी आटे असलेली किंवा नायकॉनची लेन्स मधे एक कडी, म्हणजे अ‍ॅडॅप्टर, लावून बसते. तिथं मीटर चालतो, पण रिंग एफ ११ वर नेली की डोळ्याला चित्रही अंधारं दिसतं. म्हणून आधी भोक पूर्ण उघडून फोकस करायचा, मग रिंग हव्या आकड्यावर आणायची. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत लेन्स नसतानाही फोटो निघावा अशी परवानगी मेनूतून द्यावी लागते. मग उजेड कमी-जास्त झालेला पडद्यावर आधीच दिसतो. शिकायला ते सोपं.

जुन्या लेन्सची राखण

जुनी लेन्स घेताना तीन गोष्टी बघा. एक, उजेडाकडं धरून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. पावसाळ्यात ती वाढते. दोन, आतल्या पात्यांवर तेल आलंय का बघा. मागची छोटी दांडी हलवून सोडली की पाती चटकन मिटली पाहिजेत. तेलानं ती सुस्त झाली तर भोक वेळेवर लहान होत नाही, आणि आकडे बरोबर असूनही फोटो जळतो. तीन, रिंग फिरवून प्रत्येक कट ऐका.

घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पिठाच्या डब्याशेजारी नको आणि चुलीजवळ तर नकोच. ऊन समोरून येत असेल तर एका हातानं लेन्सवर सावली धरा, नाहीतर जुन्या काचेत फोटो धुरकट होतो. आणि पन्नासच्या लेन्सनं मोराची चिंचोलीला मोर काढायला जाऊ नका. आम्ही गेलो होतो. मोर मुंगीएवढा आला.

कुणाला वाटेल, हे बायकांचं काम आहे का? होमाई व्यारावाला आठवा. जन्म १९१३, नवसारीचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी टिपली. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या काळच्या कॅमेऱ्यांत आपोआप काही नव्हतं. भोक आणि वेळ हातानंच ठरवावे लागत. आपल्याला तर शिवाय डोंगर दिसतो!

आमच्या ठरावाचं काय झालं तेही सांगतो. सुरुवातीला आजी तयार होईनात. एक जण म्हणाल्या, 'फोटो काढताय म्हणजे माझी वेळ आली का गं?' आम्ही म्हटलं, 'आजी, नातवाच्या लग्नात लावायला काढतोय. तुम्ही हसला तरच काढणार.' त्या हसल्या. आता एकीचा फोटो भिंतीवर बघून दुसरी निरोप पाठवते. आजवर एकवीस आजींचे फोटो छापून हातात दिलेत. छपाईचा खर्च आम्ही मसाल्याच्या नफ्यातून काढतो. ज्यांना जमतं त्या घरचे लोक देतात, ज्यांना जमत नाही त्यांना मागत नाही.

ज्या ताईंच्या सासूबाई गेल्या, त्याच आता आमच्यात सगळ्यात चांगला फोटो काढतात. कटचा आवाज ऐकून रिंग कुठं आहे ते सांगतात. फोटो काढून झाला की पदर कॅमेऱ्यावर घेतात, डोंगर बघतात, आणि मगच म्हणतात, 'उठा आता आजी.' त्याआधी कुणाला उठू देत नाहीत.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. कॅमेरा असो नसो, सकाळी नऊ, दुपारी बारा, चार आणि सूर्य मावळताना, अशा चार वेळा अंगणात उभ्या राहून आपली सावली बघा. कडा धारदार की मऊ, सावली काळी की फिकट, ते बघा, आणि मनातल्या मनात आकडा म्हणा. सोळा, अकरा, आठ, पाच पॉइंट सहा, चार. चार दिवसांत डोळा बसतो. आणि घरात आई, सासू, आजी असेल तर ओसरीत बसवून तिचा एक फोटो काढा, तिला दाखवा, आणि छापून आणा. उद्यावर टाकू नका.

पुढच्या वेळी मसाल्याचे आणि कापडाचे फोटो विक्रीसाठी कसे काढायचे ते सांगू.